जावयाची नखं

माझ्या भावाला परमनंट जावई पाहिजे होता. देखणा नसला तरी चालेल, घुमा असला तरी चालेल, पण परमनंट पाहिजे. ज्योतीराम, माझा थोरला भाऊ, तुळजापूरकडनं काळेवाडीत आला तेव्हापासून भोसरीत लेथवर कंत्राटी कामगार. कंपनीनं ब्रेक द्यायचा, घरी बसवायचं, परत बोलवायचं, ह्यातच त्याची जिंदगी गेली. त्यामुळं राजगुरुनगरच्या धनेशचं स्थळ आलं, चाकणच्या बड्या कंपनीत परमनंट, घर स्वतःचं, बहीणभाऊ नाहीत, तेव्हा दादाला आभाळ ठेंगणं झालं. पोरीला विचारायचं राहूनच गेलं.

मी दुर्गाबाई. काळेवाडीत खानावळ चालवते, कंपनीतल्या पोरांना डबे देते. तोंडानं फटकळ आहे, असं सगळे म्हणतात. फटकळ नसते तर ह्या पोरांनी मला केव्हाच विकून खाल्लं असतं. दिपाली माझी भाची, दादाची एकुलती एक लेक. ती कुदळवाडीत एका कारखान्यात पार्ट तपासायच्या कामाला होती. एवढासा चरा असला तरी तिच्या नजरेतनं सुटायचा नाही. लग्न ठरलं आणि सासूनं नोकरी सोडायला लावली.

लग्न मार्गशीर्षात झालं. कन्यादानाला दादा आणि सावित्रीवहिनी पाटावर बसले. जावयाचे पाय धुताना पाणी वहिनीनं घालायचं, पण ती रडून रडून थरथरत होती, म्हणून तांब्या मी धरला. दादा धनेशचे पाय ताटात घेऊन चोळत होता. आदल्या दिवशीच्या हळदीनं पाय पिवळे होते. मांडवात कुणाचं काय पिवळं नसतं? दादानं अंगठ्याचं नख चोळलं, परत चोळलं, आणि हळूच मला म्हणाला, "दुर्गे, पाणी घाल अजून. हळद निघंना."

मी घातलं. फोटोग्राफर गुडघ्यावर बसून ओरडत होता, "काका, हात तिथंच ठेवा, हलू नका." मागनं भटजी घाई करत होते. दादानं ते पाणी दोन्ही डोळ्यांना लावलं, आणि झालं कन्यादान.

संक्रांतीनंतर दिपालीचा फोन आला. "आत्या, कमरेला खाज सुटलीय गं. गोल गोल चट्टे उठलेत."

मी म्हणलं, "दाखव की कुणाला."

"आईंनी ट्यूब दिलीय."

आई म्हणजे सासू, मंजुळाबाई. ती ट्यूब मेडिकलमधली. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही, 'खाजेची द्या' म्हणलं की काउंटरवरनं सरकवतात. ट्यूब लावली, खाज थांबली. सोडली, दुप्पट उठली. परत लावली. असं करत करत चट्टे मांडीवर आले, पोटावर आले, आणि एक दिवस मानेवर आले. तिथं पदर पुरत नाही. कुणाच्या तरी डोहाळजेवणाला चार बायकांनी ते बघितलं, आपापसात कुजबुजल्या, आणि मंजुळाबाईची अब्रू गेली. दुसऱ्या दिवशी धनेशनं दिपालीला मोटारसायकलवर बसवून आणलं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि तिथनंच गाडी वळवली. वर चहालाही आला नाही.

पाठोपाठ मंजुळाबाईचा फोन. स्पीकरवर होता, मी समोरच बसले होते. "आमच्या घरात आजवर कुनाला असलं काय न्हाई. तुमी रोगी पोर आमच्या गळ्यात मारली. बरी झाली तर बघू, न्हाईतर आमाला मोकळं करा."

दादा फोनला हात जोडत होता. अहो, फोनला! तिकडनं दिसतंय होय कुणाला?

फोन ठेवला आणि लेकीकडं वळून म्हणाला, "कुठनं आणलंस गं हे?"

मला अशी तिडीक आली! म्हणलं, "बाजारातनं आणलं असेल, पाव किलो. असं विचारतोस पोरीला?" वहिनीनं त्याच दिवशी दिपालीची बादली वेगळी केली, टॉवेल वेगळा केला, गॅलरीत तिच्या कपड्यांना वेगळी दोरी बांधली. एकवेळ टॉवेलाचं समजते मी. पण ताटसुद्धा वेगळं? आपलं ताट आपण घासायची आणि पालथं घालून ठेवायची.

मग मीच उठले आणि तिला चिंचवडला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. वासंती मॅडम म्हणून आहेत. त्यांनी ब्लेडच्या पात्यानं चट्ट्यावरचा भुगा खरवडला, काचेवर घेतला, त्यावर थेंब टाकला आणि दुर्बिणीतनं बघितलं. मलाही बघायला लावलं. बारीक दोऱ्या दिसल्या, गुंता झालेल्या.

"ही बुरशी," त्या म्हणाल्या. "आपली कातडी, नखं, केस एका चिवट प्रोटीनची बनलेली असतात. हिला तेच लागतं खायला. आपण आधी गिळतो, मग पोटात पचवतो. हिला पोट नाही. ही बाहेरच पाचक रस सोडते, कातडी विरघळवते आणि मग शोषून घेते."

मी म्हणलं, "म्हणजे आपण मटणाला कच्ची पपई चोळून ठेवतो, तसं?"

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "पपईच्या चिकातही प्रोटीन तोडणारा रस असतो."

पपई चोळलेलं मटण मी जन्मभर शिजवत आले. बोटानं दाबलं की धागा सुटतो. माझ्या भाचीच्या अंगावर तसं काही चाललंय, ही कल्पना मला सहन होईना. ती ट्यूब दाखवली तर मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं खाज दबते, लाली दबते, पण अंग जी झुंज देत असतं तीही दबते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. "घरात अजून कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

दिपाली म्हणाली, "ह्यांची पायाची नखं. पिवळी आहेत, जाड आहेत, कडेनं भुगा पडतो. सगळीच. मुळापर्यंत."

"लग्नानंतर झाली?"

"नाही. पहिल्या दिवशीच बघितली मी. मला वाटलं, हळद."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पायाच्या अंगठ्याचं नख टोकापासून मुळापर्यंत असं खायला ह्या बुरशीला वर्षं लागतात, म्हणाल्या. बघितल्याशिवाय ठाम सांगणार नाही, पण बहुतेक तिकडनंच आलंय. त्यांना घेऊन या, दोघांना एकदम औषध चालू करू. हिला एकटीला बरं केलं आणि ही परत त्याच गादीवर गेली, तर परत होणार.

दिपालीनं तिथनंच धनेशला फोन लावला. तो म्हणाला, "मला कुठं खाज आहे? आमच्या लाइनवर निम्म्या लोकांची नखं अशीच आहेत. बारा-बारा तास सेफ्टी शूज घालून बघ एकदा. ते काय रोग असतं होय?" आणि शिफ्ट आहे म्हणून ठेवून दिला.

रिक्षात दिपाली बाहेर बघत बसली होती. पिंपरीच्या पुलावर आल्यावर म्हणाली, "आत्या, मला भांडण नकोय. सोडचिठ्ठी पण नको. ह्यांनी फक्त चार माणसांत एकदा म्हणावं, की हे माझ्यापासून झालं, हिनं नाही आणलं. आणि गोळ्या घ्याव्यात. एवढं केलं तर मी त्या दिवशी बॅग उचलते."

एवढंच मागितलं हो पोरीनं. एक वाक्य आणि गोळ्या.

होळी झाल्यावर बैठक ठरली. दादाच्या घरी, रविवारी. तिकडनं मंजुळाबाई, धनेश, आणि मध्यस्थ म्हणून त्यांच्या गावचे यशवंतराव. धनेश खुर्चीवर बसला. बूट दाराबाहेर काढले होते, पण पायात मोजे. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता, आणि ह्याच्या पायात जाडजूड काळे मोजे.

यशवंतरावांनी घसा खाकरून सुरुवात केली. मंजुळाबाईनं तेच पुराण लावलं, आमच्या घरात असलं काय न्हाई, पोरगीच आजारी हाय. मी डॉक्टरीणबाईंचा कागद पुढं केला. मंजुळाबाई म्हणाली, "डॉक्टर काय, पैसं दिलं की लिवत्यात."

मग दिपाली उठली. आतनं लग्नाचा अल्बम घेऊन आली आणि पान उघडून यशवंतरावांच्या मांडीवर ठेवला. पाय धुतानाचा फोटो, पानभर मोठा. ताट, पाणी, दादाचे दोन हात, आणि त्यात धनेशचे पाय. नखं अशी स्पष्ट दिसत होती की मोजून घ्यावीत. अंगठ्याचं नख जाड, कडेनं झिजलेलं, खाली भुसा भरल्यासारखं. पार्ट तपासणारीची नजर ती. तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा फोटो काढला तेव्हा ह्यांनी मला हातसुद्धा लावलेला नव्हता. मग हे कुणी कुणाला दिलं?"

यशवंतरावांनी चष्मा पुसून परत बघितलं. धनेशनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मला वाटलं, जिंकली पोरगी! आता बोलला की संपलं.

पण मंजुळाबाई काय कच्च्या गुरूची चेली नाही. "हळद हाय ती," ती म्हणाली. "नवऱ्या मुलाच्या पायाला हळद न्हाई तर काय शेंदूर असनार? आन् ज्यांनी धुतलं त्यांनाच इचारा की. काय हो व्याही? तुमी सोताच्या हातानं धुतलं न्हवं पाय? हळद व्हती का दुसरं काय?"

सगळ्यांनी दादाकडं बघितलं. दिपालीनंही बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. बाप आहे, त्याच्याच बोटांनी घासलंय, तो सांगेल. मीही मनात म्हणत होते, बोल दादा, बोल. तू मला म्हणाला होतास, हळद निघंना.

दादानं धनेशकडं बघितलं. मग अल्बम मिटला.

"हळदच होती," तो म्हणाला. "धुतल्यावर गेली."

माझा तोल सुटला. मी सरळ धनेशला म्हणलं, "असं काय? मग जावईबापू, मोजे काढा. आत्ता काढा. हळद गेलीच आहे, तर बघू दे की आम्हाला."

"दुर्गे!" दादा एवढा ओरडला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "माझ्या घरात माझ्या जावयाला मोजे काढायला सांगतेस? लाज नाही वाटत? ऊठ, आत जा."

आणि मी गेले. स्वयंपाकघरात वहिनी चहा गाळत होती. तिचे डोळे भरलेले, पण हात चालूच. बाहेर तह झाला. पोरीनं औषध घ्यावं, पूर्ण बरी व्हावी, मग अधिक महिन्यात जावयाला धोंड्याच्या जेवणाला रीतसर बोलवावं, आणि मानपान करून मुलगी पाठवावी. झालंगेलं गंगेला मिळालं, असं यशवंतराव म्हणाले. सगळ्यांनी चहा घेतला.

सगळे गेल्यावर दिपालीनं बापाला एकच विचारलं. "पप्पा, तुम्हाला दिसली होती ना?"

दादा म्हणाला, "परमनंट माणूस आहे बाळा. असा परत मिळायचा नाही."

ती आत गेली आणि गोळी घेतली.

पुढं उन्हाळाभर पोरीनं पथ्य सांभाळलं. गोळ्या वेळेवर, मलम वेळेवर, कपडे उकळत्या पाण्यात, उन्हात उलटे वाळवायचे. चट्टे फिके झाले, मग नुसते डाग राहिले, मग तेही गेले. वासंती मॅडमनी परत भुगा तपासला, काही सापडलं नाही. तरी वहिनीनं ती वेगळी दोरी काढली नाही. मी विचारलं तर म्हणाली, राहू दे, असू दे. मधल्या काळात धनेशला दिपालीनं किती वेळा सांगितलं असेल, चिंचवडला या, नुसतं दाखवून जा. तो म्हणायचा, बघू.

अधिक महिना लागला. आमच्याकडं अधिकात जावयाला विष्णू मानतात, पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात, वाण देतात, पाय धुतात. दादानं उचल घेऊन चांदीचं निरांजन आणलं, पँट-शर्टाचं कापड आणलं. अनारसे मी केले, कारण वहिनीचे तेलात हसतात, फुटून विरतात. दिपालीची बॅग सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली. तिनं नाही म्हणलं नव्हतं, हो पण म्हणलं नव्हतं.

धनेश आणि मंजुळाबाई आले. पाट मांडला, रांगोळी काढली. दादा नवं धोतर नेसून ताट घेऊन बसला. धनेश पाटावर उभा राहून म्हणाला, "राहू द्या हो मामा, पाय-बिय कशाला? नुसतं औक्षण करा."

"छे छे, असं कसं?" दादा म्हणाला. "रीत आहे. त्याशिवाय आमचं दान पोचायचं नाही."

"आरं धुऊ दे की," मंजुळाबाई लेकाला म्हणाली. तिची नजर निरांजनावर होती. "मान हाय त्यो तुझा."

आता बोला! जे मोजे माझ्या सांगण्यानं निघाले नव्हते, ते मानासाठी निघाले. धनेशनं एक काढला, दुसरा काढला, आणि पाय ताटात ठेवले. मोज्यातनं पांढरा भुगा रांगोळीवर सांडला. दहाची दहा नखं पिवळी, जाड, वेडीवाकडी. एका अंगठ्याचं तर अर्धं गळून गेलेलं. आज मांडव नव्हता, आणि सकाळचं चांगलं ऊन गॅलरीतनं सरळ ताटात पडलं होतं.

मंजुळाबाई भिंतीवरच्या देवाकडं बघायला लागली. वहिनीनं पदर तोंडाला लावला. तांब्या माझ्या हातात होता, मी पाणी घातलं. आणि माझा भाऊ, एवढं सगळं समोर दिसत असताना, खाली वाकून ती नखं चोळायला लागला. आधी डाव्या अंगठ्याचं, मग उजव्याचं. चोळतोय, चोळतोय. मान वर करत नव्हता. मला त्याची कीव आली आणि तेवढाच संताप आला.

"दुर्गे," तो पुटपुटला, "पाणी घाल अजून."

दिपाली दारात उभी होती. ती पुढं आली, बापाच्या शेजारी खाली बसली आणि साध्या आवाजात म्हणाली, "पप्पा, घासू नका. आज हळद नाहीये."

दादाचे हात ताटातच थांबले.

तिनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. वाट बघितली. अजून वेळ होता हो त्याला! आई होती, सासरा होता, मी होते, चार माणसं होती. एक वाक्य बोलायचं होतं. धनेशनं आईकडं बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाला, "निघायचं का? मला सेकंड शिफ्ट आहे."

"निघा," दिपाली म्हणाली. "मी येत नाही."

मग जे व्हायचं ते झालं. मंजुळाबाईनं अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा तोंडाचा पट्टा सोडला. धनेशनं ओल्या पायातच मोजे चढवले. जाताना निरांजनाची पिशवी मात्र मंजुळाबाईच्या हातात होती, ती काही विसरली नाही. बॅग तेवढी दाराशी राहिली.

दादा तसाच ताटासमोर बसलेला. सवयीनं त्याचे ओले हात डोळ्यांकडं जायला लागले, तसे दिपालीनं मनगटं धरली. मोरीतनं साबण आणला, माझ्या हातातनं तांब्या घेतला.

"आधी साबण लावा," ती म्हणाली. "नखांच्या खाली पण."

त्यानं लहान पोरासारखे हात पुढं केले. ती पाणी घालत होती, तो धूत होता. मला वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलं बाळा माझं. लेक समोर बसलीय, तीच हातावर पाणी घालतीय, परकं कुणी नाही. आता तरी म्हणेल.

हात धुऊन झाले. दादानं ते धोतराला पुसले आणि दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं बघत म्हणाला, "परमनंट होता गं."